गिरगावातल्या दोन बरण्या

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की गिरगावातल्या उरल्यासुरल्या चाळींच्या गॅलऱ्यांमध्ये, ऊन जिथे सर्वांत अधिक वेळ टिकते अशा कोपऱ्यात, तोंडाला मलमलीचे दुहेरी फडके बांधलेली काचेची बरणी आजही कुठे कुठे दिसते. बरणीत तळापासून गळ्यापर्यंत रातांब्यांच्या लाल-जांभळ्या वाट्या रचलेल्या असतात, त्यांच्या पोटात आणि मधल्या फटींत साखर दाबून भरलेली असते, आणि दोन उन्हे लागली की ती साखर तळाकडून ओली होऊ लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी वाट्या आक्रसून वर येतात आणि त्यांच्याखाली काळपट लाल, दाट, बरणी कलती केली असता काचेला धरून सावकाश ओघळणारा पाक साठतो. हा पाक म्हणजे अमृतकोकम. त्याचे सरबत उन्हाळाभर आणि बेताने वापरले तर गणपतीपर्यंत पुरते, आणि दुकानात त्याच्या बाटल्या हव्या तितक्या मिळत असतानाही काही घरे तो अजून स्वतःच्या उन्हात करतात.

रातांबा म्हणजे कोकमाचे ताजे पिकलेले फळ. कोकम हा कोकणपट्टीतला आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा सदाहरित वृक्ष असून त्याची फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. पाऊस लवकर आला तर ती झाडाखालीच सडतात, म्हणून या साऱ्या कामाला तीन-चार आठवड्यांची घाई असते. फळाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असते आणि तिचा गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. हे आम्ल धातूला खाते, त्यामुळे तांब्या-पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे इथे चालत नाही. काच, चिनी माती आणि लाकडी कालथा एवढीच सामग्री पुरते. फळे धुऊन, एकेक पुसून, सावलीत पूर्ण कोरडी करायची, मधोमध कापून आतला पांढरा गर आणि बिया काढायच्या, आणि सालीच्या वजनाच्या दुप्पट साखर घेऊन वाट्या थरावर थर रचायच्या, ही कृती सांगायला दोन वाक्ये लागतात. काढलेल्या बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून त्यांचे घट्ट, फिकट तेल काढतात आणि ते थंडीत टाचांच्या भेगांना लावतात.

कृती छोटी असली तरी तिच्यातले लक्ष मोठे असते. बरणीला ओला हात लागता कामा नये, कालथा पुसून कोरडा केल्याशिवाय आत जाता कामा नये, संध्याकाळी दव पडण्याआधी बरणी घरात यायला हवी, आणि रोज एकदा फडके सोडून पाक ढवळताना नाकाने तपासणी व्हायला हवी. ज्या घरात हे नियम पाळले जातात तिथे त्यांची कारणे क्वचितच सांगितली जातात, पण त्या सर्वांचा रोख एकाच भयाकडे असतो. काचेच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग दिसू लागली, वाट्यांवर फिकट गुलाबी फेस आला आणि वासात आंबटपणाखेरीज आणखी काहीतरी जाणवले, की घरातली जाणती बाई एवढेच म्हणते की पाक आंबला. मग आणखी साखर घालून तो उन्हात ठेवायचा की गॅसवर उकळी काढून जमेल तेवढा वाचवायचा, यावर घरात चर्चा होते. उकळलेल्या पाकाला उन्हातल्या पाकाची चव येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. पण किलोकिलोंनी साखर घातलेली बरणी मोरीत ओतणे जिवावर येते.

आंबवणारा हा जीव बाहेरून कुणी आणलेला नसतो. त्याला किण्व, म्हणजेच यीस्ट, म्हणतात. ही एकपेशीय बुरशी पिकलेल्या फळांच्या सालीवर आणि आजूबाजूच्या हवेत नेहमीच असते, आणि साखर खाऊन ती मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. ग्लुकोज साखरेच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि वायूचे दोन रेणू मिळतात, एवढा हा हिशेब सरळ आहे. आंबणे ही जिवंत पेशींची क्रिया आहे हे लुई पाश्चर यांनी 1857 पासूनच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्याआधी हजारो वर्षे माणसे या जिवाला न पाहता, केवळ त्याच्या सवयी ओळखून, त्याच्याशी व्यवहार करत आली होती. या सवयींतली सर्वांत विलक्षण सवय साखरेच्या बाबतीतली आहे. पाणी पुष्कळ आणि साखर बेताची असेल तर किण्व फोफावते. साखर वाढत गेली की तीच त्याच्यावर उलटते, कारण दाट पाक पेशीच्या आवरणातून तिच्यातले पाणी बाहेर ओढून घेतो. पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे पाणी असे झिरपण्याला परासरण म्हणतात. बरणीत वाट्यांमधून रस सुटतो तो परासरणाने, आणि किण्व निकामी होते तेही परासरणानेच. सरकारच्या 1955 सालच्या फळ उत्पादन आदेशात फळांच्या सिरपमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान 65 टक्के असावेत अशी अट घातली गेली, तेव्हा गॅलरीतल्या बरणीचा अनुभवच आकड्यांत मांडला गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

ज्या रस्त्यांवर या चाळी उभ्या आहेत, त्यांच्यापासून काही पावलांवर खोताची वाडी आहे. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाणारी ही वस्ती म्हणजे अरुंद गल्ल्या, लाकडी जिने, रस्त्याच्या बाजूने उघडे व्हरांडे आणि कौलारू छपरे असलेली घरे. त्यांतली अनेक आता पडली आहेत. इथे राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळ ईस्ट इंडियन आहेत, म्हणजे मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतले पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले मूळ रहिवासी. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव स्वीकारले. घरातली त्यांची पारंपरिक बोली मराठीचीच आहे. लालबागच्या मसाला बाजारात चाळींतल्या बायका मिरच्या-धणे डंखावर कुटून घेतात त्याच एप्रिल-मेमध्ये ईस्ट इंडियन घरांतही वर्षाचा मसाला कुटला जातो आणि तो बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरला जातो. बाटलीवरूनच त्याला बॉटल मसाला हे नाव मिळाले आहे. उन्हाचा उपयोग दोन्हीकडच्या बायकांना सारखाच कळतो.

या घरांतली दुसरी बरणी मात्र उन्हात दिसत नाही. नाताळच्या आधी चार-सहा आठवडे ती स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली ठेवली जाते. चिनी मातीच्या उंच बरणीत चिरलेल्या काळ्या मनुका, साखर, उकळून गार केलेले पाणी, मूठभर गहू आणि थोडे यीस्ट घालून तोंडाला फडके बांधायचे, पहिले काही दिवस लाकडी पळीने रोज एका दिशेने ढवळायचे आणि एकविसाव्या दिवशी गाळायचे, अशी तिची सर्वसाधारण रीत आहे. मनुका घेण्याचे कारण ऋतूत आहे. नाशिककडची ताजी द्राक्षे जानेवारीनंतर बाजारात येतात आणि वाइन तर डिसेंबरात हवी असते, त्यामुळे मागच्या हंगामात वाळलेली द्राक्षेच हाताशी असतात. बरणीत साखर असते, पण पाणी तिच्याहून पुष्कळ अधिक असते, आणि म्हणून चाळीतल्या बाईला जे बुडबुडे दिसू नयेत असे वाटते तेच इथे पहिल्या दोन दिवसांत दिसले नाहीत तर चिंता सुरू होते. या घरातली बाईही फडके सोडून वास घेते, मनुका फुगून वर आल्या का ते पाहते, रात्री बरणीला कान लावून आतली बारीक कुजबुज ऐकते. पुढे मद्यार्क वाढत जातो आणि चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास किण्व स्वतः केलेल्या मद्यार्कातच थांबते. गाळलेली वाइन पुन्हा काही दिवस निवळू द्यायची, वरची स्वच्छ तेवढी अलगद ओतून घ्यायची, रंगासाठी जाळलेल्या साखरेचा थोडा पाक घालायचा आणि बाटल्या भरायच्या. आले, बीट, जांभूळ यांचीही वाइन अशाच रीतीने होते.

एकाच गिरगावात, एकमेकींना हाकेच्या अंतरावर असलेल्या या दोन बरण्यांचे शास्त्र एकच आहे, ही गोष्ट पुरेशा आदराने कधी लिहिली गेलेली नाही. एक घर किण्वाला दूर ठेवते, दुसरे त्याला बोलावते, आणि दोघांनाही त्याच्या पोटाची भूक, त्याला मानवणारी ऊब आणि त्याला न सोसणारी साखर नेमकी ठाऊक असते. नाताळात ताटलीभर कलकल आणि केक शेजारी जात, दिवाळीत त्याच ताटलीतून चकल्या-करंज्या परत येत, पण वाइनची बाटली मात्र बहुतेक वेळा या देवाणघेवाणीतून वगळली जाई. तिच्याकडे पाहताना शेजाऱ्यांना मद्य दिसे, तिच्यामागची तीन आठवड्यांची राखण दिसत नसे. हा दुरावा समजण्यासारखा असला तरी त्याने दोन्ही बाजूंचे नुकसान केले. ज्यांना पाक आंबू न देण्याचे ज्ञान होते त्यांनी आंबवण्याचे ज्ञान असणाऱ्यांशी बोलणे केले असते, तर मोरीत गेलेल्या काही बरण्यांना निदान दुसरे आयुष्य मिळाले असते.

थंड देशांत हीच क्रिया सफरचंदावर होते. सफरचंदाचा पिळून काढलेला रस आंबवून केलेल्या सौम्य पेयाला सायडर म्हणतात. रसात साखर दहा ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान असते आणि ती पूर्ण आंबली की पाच-सहा किंवा त्याहून किंचित अधिक टक्के मद्यार्क तयार होतो. इंग्लंडमध्ये जॉन एव्हलिन यांनी 1664 साली आपल्या वृक्षविषयक ग्रंथाला जोडून सायडरच्या फळांवरचे लेखन प्रसिद्ध केले, आणि त्याच्या दोनच वर्षे आधी क्रिस्टोफर मेरेट यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात वाइनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करण्याच्या रीतीची नोंद केली होती. बाटलीत बुडबुडे कोंडता आले ते काचेमुळे; दगडी कोळशाच्या भट्टीत तयार होणारी जाड इंग्रजी काच आतला दाब सहन करू शकत होती. हा दाब किरकोळ नसतो. लिटरभर सायडरमध्ये चार ग्रॅम साखर बाटली बंद केल्यानंतर आंबली तर तिच्यापासून जवळजवळ लिटरभर वायू तयार होतो आणि जायला वाट नसल्याने तो द्रवातच विरघळून राहतो. साखरेचा एखादा चमचा अधिक पडला तर बाटली फुटू शकते. म्हणूनच घरी सायडर करणारी माणसे बाटली भरण्याच्या दिवसाला रस काढण्याच्या दिवसाइतकेच महत्त्व देतात.

मुंबईला सफरचंद परके नाही, पण ते इथे खाण्याचे फळ म्हणूनच आले. सॅम्युएल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी 1916 मध्ये हिमाचलातल्या कोटगढ भागात अमेरिकी डेलिशस जातीची लागवड सुरू केली आणि त्या लाल, गोड, देखण्या फळाने देशभरचे बाजार जिंकले. गणपतीच्या सुमारास दादरच्या फळवाल्यांकडे या सफरचंदांचे ढीग लागतात. त्यांच्यापासून सायडर होऊ शकते, पण चांगल्या सायडरला लागणारा तुरटपणा आणि आंबटपणा या गोड जातींत कमी पडतो. शिवाय मुंबईच्या हवेत रस फार वेगाने आंबतो आणि त्या वेगात फळाचा सुगंध वायूबरोबर निघून जातो. तुरटपणा आणि आम्ल यांची जी संपत्ती इंग्लंडातल्या सायडरच्या सफरचंदाला आहे, तिच्या जवळ जाणारे फळ मुंबईच्या दाराशी आहे ते रातांबा किंवा जांभूळ.

बाटलीचा विषय निघाला की गिरगावातून परळ-लालबागकडे वळावे लागते. गिरण्यांमध्ये काम करायला आलेली रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्गाकडची माणसे, ज्यांना गावाकडे चाकरमानी म्हणतात, मे महिन्यात गावी जात आणि पाऊस पडण्याच्या बेताला परतत. एस.टी.च्या टपावर फणस, करवंदांच्या टोपल्या आणि तांदळाची पोती असत. पायाशी, फडक्यात गुंडाळून, दोन गुडघ्यांच्या मध्ये धरलेल्या आगळाच्या बाटल्या असत. आगळ म्हणजे कोकमाचा साखरेऐवजी मीठ घालून टिकवलेला रस. सोलकढीला तोच लागतो. या बाटल्या बहुधा रमच्या किंवा बिअरच्या रिकाम्या बाटल्या असत, गरम पाण्याने आणि राखेने धुऊन, उन्हात उलट्या ठेवून वाळवलेल्या, आणि बुचावर मेण किंवा प्लास्टिकचा तुकडा दोऱ्याने आवळलेल्या. देवाच्या तसबिरीखालच्या फळीवर दारूच्या कंपनीचा छाप असलेली बाटली निःशंकपणे उभी राही, कारण तिच्यातल्या मालाबद्दल कुणाला शंका नसे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत असताना त्या बाटलीसाठी जागा राखून ठेवली जाई, आणि गावाहून आलेला आगळ शेजारच्या बिऱ्हाडाला वाटीभर दिल्याशिवाय बुच पुन्हा बसत नसे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक बिऱ्हाडे कायमची गावी गेली. राहिली त्यांच्याकडे बाटल्या येत राहिल्या, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागल्यावर त्यांचा प्रवास एका रात्रीचा झाला. अमृतकोकम आणि आगळ या दोन्हींच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरतात, वर हवेला जागा ठेवत नाहीत. वाइन पुरती थांबली आहे याची खात्री नसेल तर तिच्या बाटलीत मात्र गळ्याशी बोटभर जागा सोडून बुच सैल ठेवतात. भरलेल्या बाटलीकडे लांबून पाहूनही जाणत्या माणसाला आत कोणत्या घराचा माल आहे हे ओळखता येते.

दादर आणि माहीमचा किनारा माडांच्या वाड्यांनी भरलेला होता तेव्हा किण्वाला रोखणे आणि त्याला बोलावणे या दोन मार्गांच्या मधला एक तिसरा मार्ग तिथे रोज पहाटे वापरला जाई. भंडारी समाजातली माणसे माडावर चढून पोयीला मडके बांधत, आणि त्यात रात्रभर ठिबकलेला गोड रस सूर्य वर येण्याआधी उतरवला तर ती नीरा असे; ऊन चढल्यावर काही तासांतच तिची माडी होई. नीरा टिकवण्यासाठी मडक्याला आतून चुना लावत, कारण चुन्याने रसातले आम्ल मारले जाते आणि किण्वाचा जोर ओसरतो. साखर, मीठ आणि चुना या तीन साध्या वस्तूंनी या शहरातल्या माणसांनी त्या अदृश्य जिवाला लगाम घातला होता. राज्यकर्त्यांनी या व्यवहारात लक्ष घातले ते महसुलासाठी. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर रसासाठी छेव घातलेल्या झाडांवरच्या कराचा बोजा वाढत गेला, आणि पुढे वाड्यांच्या जागी वसाहती आल्या तसा तो व्यवसायच शहरातून उठला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई मद्यनिषेध अधिनियम 1949 आला आणि 1950 पासून शहरात पूर्ण दारूबंदी झाली. या कायद्याने नीरा आणि ताडी यांच्यात फरक केला तो रस आंबला आहे की नाही यावरून, म्हणजे किण्वाने काम सुरू केले की नाही एवढ्यावरून. उपासनेत वापरल्या जाणाऱ्या वाइनसाठी त्यात वेगळी तरतूद ठेवली गेली. साठच्या दशकात बंधने सैल झाली, तरी परवान्याशिवाय मद्य तयार करणे आजही गुन्हाच आहे, आणि घरगुती वाइन नाताळच्या सणापुरती, ओळखीच्या घरांपुरती टिकून आहे. हातभट्टीच्या विषारी दारूने या शहरात माणसे मेलेली आहेत, तेव्हा कायद्याची गरज नाकारता येणार नाही. पण जिन्याखालच्या मनुकांच्या बरणीला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या भट्टीला एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे. बरणीचा माल करणारीच्या स्वतःच्या मुलाबाळांपुढे जायचा असतो, आणि ती प्रत्येक टप्प्यावर त्याची चव घेत असते.

गिरगाव आणि लालबागमध्ये आता चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांतल्या घरांना स्वतंत्र संडास-न्हाणीघर मिळते, लिफ्ट मिळते, आणि या सोयींची वाट पाहण्यात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या त्यांच्यापुढे जुन्या गॅलरीचे गोडवे गाणे बरे नव्हे. तरीही बरणीच्या अंगाने पाहिले तर एक उलटापालट घडली आहे. मनुकांच्या बरणीला हवा असतो तो गार, अंधारा कोपरा नव्या घरांत हवा तितका आहे; ओट्याखालचे कपाट तिला जिन्याखालच्या जागेइतकेच मानवेल. पण जी कुटुंबे ती बरणी लावत त्यांतली पुष्कळ वांद्रे, मालाड, वसईकडे गेली, काही परदेशी गेली. रातांब्याच्या बरणीला सलग आठ दिवसांचे ऊन लागते, आणि ते समोरच्या इमारतीच्या सावलीने दिवसातून दोन तासांवर आणले आहे. गच्चीला कुलूप असते आणि किल्ली सोसायटीच्या कार्यालयात. जी माणसे डोंबिवली-बदलापूरला गेली त्यांच्या पश्चिमेच्या बाल्कन्यांत मात्र दुपारनंतर चांगले ऊन येते. तिथल्या काही बायका आता सालीला दुप्पट साखरेऐवजी थोडी अधिक घेतात, कारण उशिरा येणाऱ्या उन्हात पहिले दोन दिवस धोक्याचे असतात. आणि त्या वाढीव साखरेने सरबताची चव बिघडते की केवळ बदलते, यावर गिरगावात राहिलेल्या त्यांच्या जावा-नणंदांशी दर वर्षी मे महिन्यात फोनवर वाद होतो.